पोकलेन यंत्राचा खालचा गाडा : त्याची ओळख व निगा

पुरानें खरवडलेल्या मळीच्या जमिनी सारख्या करणें, चिबड रानांत निचर्‍याचे चर काढणें, तलावांतील गाळ उपसणें, पश्चिमेकडील डोंगरउतारावर ताली घालणें, हीं कामें आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत आतां माणसांच्या व बैलांच्या बळावर क्वचितच होतात. तीं पोकलेन यंत्रानें होतात. सन २०१९ व २०२१ च्या महापुरानंतर तर नदीकांठच्या गांवांस या यंत्राची ओळख करून द्यावयास नको. शिरोळ तालुक्यांत श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें सच्छिद्र नळ जमिनींत पुरून खारपड रानें पुन्हा पिकाखालीं आणण्याचें जें काम झालें, तसल्या कामांतही चर काढावयास हेंच यंत्र लागतें. कित्येक शेतकरी बंधूंनीं भाऊबंदांच्या भागीदारींत असें यंत्र विकत घेतलें आहे, आणि त्याहून पुष्कळ अधिक जण तें तासाच्या भाड्यानें आणतात.

परंतु यंत्र पाहावयास गेलेला मनुष्य काय पाहतो? बकेट पाहतो, लांब हात पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग पाहतो. जमिनीलगत चिखलानें माखलेला जो लोखंडी गाडा, त्याकडे वांकून कोणी पाहत नाहीं. वस्तुतः डोझरच्या सबंध आयुष्यांत दुरुस्तीवर जो पैसा जातो, त्यापैकीं निम्म्याच्या आसपास या गाड्यावरच जातो. पोकलेन तितकें चालत नसल्यामुळें त्याचें प्रमाण कमी, तरी खर्चाच्या मोठ्या बाबींत त्याची गणना होतेच. प्रस्तुत लेखांत या गाड्याचाच विचार करावयाचा आहे. आम्ही यंत्रविद्या शिकलेले नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्यांत सात-बारा व फेरफार लिहिण्यांत गेलें. जें येथें लिहीत आहों तें नुकसान सोसून व एका जाणत्या मिस्त्रीजवळ बसून शिकलेलें आहे.

पोकलेन हें मूळचें यंत्राचें नांव नव्हे. फ्रान्समध्यें पोक्लेन नांवाची कंपनी अशीं यंत्रें करीत असे. आपल्या देशांत लार्सन अँड टूब्रो कंपनीनें तीं बनविलीं, आणि पुढें यंत्र कोणत्याही कंपनीचें असो, लोक त्यास पोकलेनच म्हणूं लागले. रबरी चाकांवर पळणारा, ज्यास आपण जेसीबी म्हणतों, तो निराळा. त्याचा या लेखाशीं संबंध नाहीं. डोझरचा गाडा मात्र बराचसा पोकलेनसारखाच असतो.

साखळीच्या पट्ट्यांवर चालणारें हें यंत्र शेतीच्याच अडचणींतून निघालें, हें वाचकांस ऐकून बरें वाटेल. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत स्टॉक्टन शहराजवळची जमीन इतकी भुसभुशीत होती कीं, वाफेच्या जड ट्रॅक्टरांचीं चाकें तींत रुतत. चाकें रुंद करून पाहिलीं, तरी भागेना. शेवटीं सन १९०४ मध्यें बेंजामिन होल्ट यानें मागचीं चाकें काढून त्यांच्या जागीं लांकडी फळ्या जडविलेल्या साखळीचे पट्टे बसविले, आणि यंत्र रुतावयाचें थांबलें. लढाईंतील रणगाडे त्यानंतरचे. आपल्याकडे सन १९४७ मध्यें स्थापन झालेल्या मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटनेनें अशाच साखळीच्या ट्रॅक्टरांनीं मध्य हिंदुस्थानांतील कांसानें व्यापलेल्या जमिनी नांगरून काढल्या होत्या.

पट्ट्यानें नेमकें काय साधतें, तें त्रैराशिकानें पाहतां येतें. वीस टनांचें पोकलेन घ्या. त्याचा एक पट्टा जमिनीस सुमारें ३६५ सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद टेकतो. दोन पट्ट्यांचें क्षेत्र ४३,८०० चौरस सेंटिमीटर. वीस हजार किलोंस त्यानें भागलें असतां दर चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोहूनही कमी भार येतो. साठ किलोंचा गडी चालतांना एका पायावर येतो, व त्याचा तळवा दीडशें चौरस सेंटिमीटर धरला, तर त्याचा भारही ०.४० किलो होतो. वीस टनांचा हा डोलारा गड्याच्या पावलाइतक्याच हलकेपणानें उभा राहतो म्हणावयाचें! तथापि ओल्या काळ्या रानांत त्याच्या एकंदर वजनानें खालचा थर दडपतोच. म्हणून वाफसा आल्यावांचून तें रानांत घालूं नये.

आतां गाड्याचीं अंगें. मागच्या टोंकास दांत्यांचें चक्र असतें, तें स्प्रॉकेट; चालविणारी मोटर व गिअर यांचें बळ साखळीस येथूनच मिळतें. पुढच्या टोंकास बिनदांत्यांचें गुळगुळीत मोठें चाक, तें आयडलर; साखळीस वळण देणें व ताणून धरणें हें त्याचें काम. आयडलरच्या मागें एक जाड स्प्रिंग व ग्रीस भरलेलें नळकांडें असतें. नळकांड्यांत ग्रीस भरलें म्हणजे आयडलर पुढें सरकतो व साखळी ताणते. ग्रीस सोडलें म्हणजे ती ढिली होते. या दोन टोंकांच्या मध्यें खालीं सात-आठ रोलर ओळीनें, आणि वर साखळी लोंबूं नये म्हणून दोन लहान रोलर. सर्व भार खालच्या रोलरांवर, व रोलर साखळीच्या पाठीवर. यंत्र आपणच अंथरलेल्या रुळांवरून चालतें. मागचा रूळ उचलून पुढें टाकतें, इतकेंच. साखळीच्या प्रत्येक कडीस दोन लोखंडी पाख्या. एका कडीचा बुश व दुसरीची पिन, अशी पिन बुशांत शिरून सांधा होतो. स्प्रॉकेटचा दांता या बुशांनाच धरून ओढतो. जमिनीस टेकणारी धारांची प्लेट चार बोल्टांनीं कडीस जखडलेली असते.

या सर्व भागांचें एक मर्म आहे. लोहार विळ्यास पाणी देतो तेव्हां धार तेवढी कठीण होते, पोट मऊच राहतें. बुश, रोलर व दांते यांचेंही तसेंच. पाणी दिलेला कठीण थर वरचा कांहीं मिलिमीटरच. तो थर आहे तोंपर्यंत झीज मंद असते. तो गेला कीं आंतलें मऊ लोखंड पाहतां पाहतां उडतें. म्हणून ‘आणखी एक हंगाम काढूं’ या म्हणण्यास येथें फार महाग पडण्याचा संभव असतो.

साखळी वाढते म्हणजे काय होतें, हें आम्हांस प्रथम यंत्रापाशीं नव्हे, कचेरींत समजलें होतें. पण समजूनही उपयोगीं पडलें नाहीं. आम्ही नोकरीस लागलों तेव्हां एका कपाटांत मोजणीची जुनी साखळी पडून होती. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस फूट लांब व तितकेंच रुंद म्हणजे एक गुंठा, हें वाचकांस ठाऊकच आहे. एका वृद्ध सर्व्हेअरनें ती कोर्‍या टेपाशेजारीं अंथरून दाखविली, तों ती दोन इंच वाढलेली! लोखंड कांहीं ताणलें नव्हतें. दर कडीच्या कानांत घांसून केंसाएवढी फट पडली होती, व त्या सर्व फटींची बेरीज दोन इंच झाली होती. असल्या साखळीनें चाळीस गुंठ्यांचें शेत मोजलें तर तें साडेएकोणचाळीसाच्या किंचित वर भरतें.

पोकलेनची साखळी अगदीं याच रीतीनें वाढते. पिन व बुश आंतून एकमेकांस घांसतात, फट पडते, आणि एका पिनेपासून दुसर्‍या पिनेपर्यंतचें अंतर, ज्यास मिस्त्री लोक ‘पिच’ म्हणतात, तें वाढतें. वीस टनी यंत्रांत नवें पिच सुमारें १९० मिलिमीटर असतें. तें १९३ झालें म्हणजे पंचेचाळीस कड्यांच्या साखळींत १३५ मिलिमीटर, म्हणजे पांच इंचांहून अधिक लांबी वाढली. साखळी लोंबूं लागते. मालक म्हणतो, ढिली झाली, ताणा. ग्रीस भरलें जातें, आयडलर पुढें जातो, साखळी पुन्हा तंग दिसते, व सर्वांचें समाधान होतें. परंतु ताणल्यानें पिच कमी होत नाहीं! स्प्रॉकेटच्या दांत्यांमधलें अंतर १९० चेंच आहे, आणि साखळीचें १९३ झालें आहे. बुश दांत्याच्या बुडांत न बसतां त्याच्या अंगावर चढतो. दांता टोंकाकडून झिजून माशाच्या गळासारखा होतो, बुशाचें कठीण कवच जातें, आणि एके दिवशीं भाराखालीं साखळी दांत्यावरून उडी मारते.

आमचेंच सांगतों. सन २०१९ च्या पुरांत आमच्या मळीच्या तुकड्यांवर कोठें वाळू साचली, कोठें घळ पडली. आम्ही चौघां भाऊबंदांनीं पुढच्या वर्षी कर्ज काढून एक वापरलेलें वीस टनी पोकलेन घेतलें. आपलीं रानें सारखीं करावीं, मग भाड्यानें फिरवून हप्ते फेडावे, असा बेत. कागदपत्रांची तपासणी अर्थातच आम्हांकडे आली. ती आम्हीं इतकी बारकाईनें केली कीं विकणारा कंटाळला. बँकेचा ना-हरकत दाखला, जुनें खरेदीपत्र, सह्या, शिक्के, कांहीं सोडलें नाहीं. साखळीवर नवा काळा रंग होता व ती तंग होती. आम्हीं तीवर पाय ठेवून ‘ठीक’ म्हटलें.

तिसर्‍या महिन्यांत ओढ्याच्या कांठीं वळतांना साखळी उतरली व यंत्र एका कुशीस कललें. कोल्हापूरहून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं हातोडीनें चिखल पाडला, कड्या मोजल्या, आणि म्हणाले, “भाऊसाहेब, ताण बघून काय उपेग? हिची एक कडी काढल्याली हाय.” पुस्तकांत दिलेल्या संख्येपेक्षां खरोखरच एक कडी कमी होती. साखळी इतकी वाढली होती कीं ग्रीसच्या नळकांड्यास ताणावयास जागा उरली नव्हती. तेव्हां कोणीतरी एक कडी काढून लांबी भरून काढली व वर रंग दिला. उरलेल्या कड्यांचें पिच होतें तेवढेंच राहिलें. दोन्ही साखळ्या व दोन्ही स्प्रॉकेट मिळून तीन लाखांवर खर्च आला. अकरा दिवस यंत्र उभें राहिलें, तोंवर मृग बरसला, आणि ज्या रानांसाठीं यंत्र घेतलें तींच त्या वर्षी पड राहिलीं. एका चुलत बंधूंस हप्त्यासाठीं घरांतलें सोनें गहाण ठेवावें लागलें. त्यांनीं आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं, हें अधिक जड गेलें.

मोजण्याची रीत सोपी आहे, व तीस साध्या टेपाखेरीज कांहीं लागत नाहीं. यंत्र सपाट कठीण जागीं उभें करावें. स्प्रॉकेटचा दांता व साखळी यांत लांकडाचा ठोकळा धरून यंत्र बोटभर मागें घ्यावें, म्हणजे वरची बाजू ताठ होते. नंतर ड्रायव्हरनें इंजिन बंद करून खालीं उतरावें. चालू यंत्राच्या साखळींत हात घालण्याचा प्रसंगच आणूं नये. मग एका पिनेच्या एका कडेपासून पुढच्या चौथ्या पिनेच्या त्याच कडेपर्यंत मोजावें. हें चार कड्यांचें माप झालें. जेथें साखळी जोडलेली असते ती मास्टर पिन मध्यें येऊं देऊं नये. नव्या साखळींत माप ७६० भरेल. ७७२ भरलें तर बारा मिलिमीटर वाढ, म्हणजे कडीमागें तीन. वीस टनी यंत्रांस तेथेंच सुमारें मर्यादा आली असें समजावें. ठराविक आंकडा ज्या त्या यंत्राच्या पुस्तकांत असतो, तो प्रमाण. दोन्ही बाजूंस दोन-तीन ठिकाणीं मोजावें व वहींत तासांसह लिहून ठेवावें.

आतां ताणाविषयीं. ढिली साखळी उतरते हें सर्वांस दिसतें. फार तंग साखळी काय खाते हें दिसत नाहीं. तंग साखळींत पिन-बुश, दांते, आयडलर व रोलर या सर्वांवर विनाकारण भार पडतो, झीज झपाट्यानें होते, व डिझेलही अधिक जळतें. वरचा रोलर व आयडलर यांमध्यें साखळीवर सरळ लांकडी पट्टी ठेवून मधला झोल मोजावा. वीस टनी यंत्रांत सामान्यतः तो १० ते ३० मिलिमीटर असावा. दगडी जमिनींत किंचित तंग, चिखलांत बरीच ढिली, असा नियम आहे. चिखलाचें कारण असें कीं, स्प्रॉकेटच्या दांत्यांत माती भरून दाबली जाते, चक्र जणूं मोठें होतें, व सकाळीं बरोबर असलेली साखळी दुपारीं आपोआप तंग होते. म्हणून ताण नेहमीं ज्या रानांत काम करावयाचें तेथें, थोडें चालवून, माती भरलेल्या स्थितींतच पाहावा.

ग्रीस सोडतांना मात्र जिवाची काळजी घ्यावी. त्या नळकांड्यांत भयंकर दाब असतो. तोटीचा नट अगदीं सावकाश सोडावा, एका आंट्याहून अधिक कधींही फिरवूं नये, आणि तोंड, हात अगर पाय तोटीसमोर आणूं नयेत. दाबानें उडालेलें ग्रीस कातडी फोडून आंत शिरतें. जखम टांचणीएवढी दिसली तरी ती साधी समजूं नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयांत जावें. हें काम हौशी पोरांस करूं देऊं नये.

आपल्या जिल्ह्यांत जमिनीचे प्रकार इतके, कीं एकच यंत्र आठवड्याच्या आंत तीन स्वभावांच्या मातींत जातें. शिरोळ-हातकणंगलेकडील काळी माती घासते कमी पण चिकटते फार. संध्याकाळीं रोलरांत राहिलेला चिखल रात्रीं वाळून दगड होतो. सकाळीं रोलर फिरत नाहीं, साखळी त्यावरून घासत जाते, आणि गोल रोलर एका बाजूस चपटा होतो. एकदां चपटा झालेला रोलर पुन्हा नीट फिरत नाहीं. म्हणून काम संपतांच, माती ओली आहे तोंवर, फावड्यानें व पाण्यानें गाडा मोकळा करावा. उद्यां सकाळीं हें होत नाहीं, हा आमचा अनुभव आहे. नदीची वाळू याच्या उलट. ती चिकटत नाहीं पण कानशीसारखी काम करते, आणि ओली वाळू कोरडीहून अधिक. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडील जांभ्याचे खडे व काळा पाषाण धक्क्यानें नुकसान करतात. तेथें प्लेटांचे बोल्ट सैल होतात. एक बोल्ट सैल राहिला तर भोंक मोठें होतें, मग तो कधींच घट्ट बसत नाहीं, व प्लेटेबरोबर कडीही टाकावी लागते. चिबड रानासाठीं रुंद प्लेटा घेतलेलें यंत्र दगडांत नेऊं नये. रुंद प्लेट दगडावर कडेनें टेकली म्हणजे पिळ थेट पिन-बुशांत जातो.

चालविण्याविषयीं ड्रायव्हरास कांहीं गोष्टी निक्षून सांगाव्या. पोकलेनची केबिन गोल फिरत असल्यानें पुढें कोणतें व मागें कोणतें, याचा घोटाळा होतो. लांब जावयाचें तेव्हां स्प्रॉकेट मागें असावें. तें पुढें ठेवून चाललें असतां साखळीची वरची बाजूही भाराखालीं ताणलेली राहते, आणि बुश व दांते यांची झीज पुष्कळ वाढते. नेहमीं एकाच बाजूस वळूं नये. जागच्या जागीं गर्रकन फिरविणें शक्यतों टाळावें. उतारावर आडवें चालविल्यानें खालच्या अंगाचे रोलर व कड्यांच्या बाजू खातात. ताल घालतांना तें टळत नाहीं, पण रिकामें जातांना टाळतां येतें. आणि ट्रेलरचें भाडें वांचविण्यासाठीं या गांवाहून त्या गांवीं पांच-सहा कोस यंत्र चालवीत नेण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पोकलेन उभें राहून खणण्याचें यंत्र आहे. भाड्यानें आणणार्‍यानेंही ‘जरा त्या कोपर्‍यांत जाऊन या, मग पुन्हा इकडे’ असें चार वेळां करण्यापेक्षां कामाचा क्रम आधीं ठरवावा. त्यांत त्याचेही तास वांचतात.

कांहीं मालक उसाच्या चरकाची साखळी समजून पोकलेनच्या साखळीवर जळकें ऑईल ओततात. त्यानें लाभ नाहीं, हानि आहे. तेलास वाळू चिकटून तिची घांसणारी लगदी होते. रोलर व आयडलर यांत तेल कारखान्यांतच भरून तोंडें सीलनें बंद केलेलीं असतात. रोलरच्या कडेस ओला काळा डाग दिसला तर सील गेलें असें समजून तो रोलर लौकर बदलावा. एक रोलर अडला कीं त्याचा भार शेजारच्यांवर येतो. डोझरांच्या साखळ्यांत बुश एका अंगानें झिजल्यावर पिन-बुश अर्धा फेरा फिरवून कोरी बाजू पुढें आणण्याची रीत आहे. हें काम प्रेस असलेल्या कारखान्यांतच होतें, व कठीण थर संपण्यापूर्वीं केलें तरच त्यांत अर्थ. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी मात्र चढवूं नये. जुन्या दांत्यास नवें पिच जुळत नाहीं, आणि थोड्या पैशांच्या लोभानें लाखांची साखळी खराब होते.

वापरलेलें यंत्र घ्यावयास जाणार्‍यानें टेप, फावडें व पाण्याची बादली बरोबर न्यावी. चिखल काढून द्यावयास विकणारा तयार नसेल तर परत यावें. कड्या मोजून पुस्तकाशीं ताडाव्या, चार कड्यांचें माप घ्यावें, आयडलर किती पुढें आला आहे तें पाहावें, दांत्यांचीं टोंकें पाहावीं. बकेट जमिनीस टेकवून एक बाजू उचलावयास सांगावी, व साखळी फिरत असतां दूर उभें राहून प्रत्येक रोलर फिरतो कीं नाहीं हें पाहावें. सर्व मिळून अर्ध्या तासाचें काम आहे. तासांचा मीटर बदलतां येतो. तेव्हां त्यावर फार भिस्त ठेवूं नये.

आमचें यंत्र अद्याप चालतें. मळीचीं रानें दुसर्‍या वर्षी सारखीं झालीं व आतां त्यांत ऊस उभा आहे. चुलत बंधूंचें सोनें सुटलें. मापाची वही गोठ्याच्या देवळींत असते. गेल्या वैशाखांत उजव्या साखळीचें माप ७६६ व डाव्या साखळीचें ७६८ भरलें. डावी पुढें कां, याचा विचार करतां ड्रायव्हर बांधावर नेहमीं एकाच बाजूस वळतो असें आढळलें. त्यास तसें सांगितलें आहे, आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजावयाचें ठरलें आहे.